'तुझे तुला मिळेल'

'मित्रामित्रांत कागद कशाला?' हे वाक्य त्या सायंकाळी आमच्याच तोंडून निघाले, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

पहूरच्या पेठेत आमच्या एका स्नेह्यांचे वडिलोपार्जित धाब्याचे घर होते. स्नेही नोकरीमुळे जळगावास स्थायिक झालेले. वडिलांच्या मागे तेथे दिवा लावावयासही कोणी उरले नव्हते. दोन-तीन पावसाळे वर खारी माती पडली नाही, तेव्हा धाबे गळू लागले व सागाच्या तुळ्या काळवंडल्या. दुसरे स्नेही गावातच राहणारे, बांधकामाची हौस आणि समज दोन्ही असलेले. आम्ही तिघे बाळपणापासूनचे सोबती. पाचोरा-जामनेरच्या त्या छोट्या गाडीने, जी २०२० मध्ये बंद पडली, शाळेस बरोबर जात असू. ओट्यावर बसून तिघांच्या समक्ष जे ठरले ते इतकेच : गावातल्या मित्राने पदरचे पैसे घालून घर दुरुस्त करावे, गिऱ्हाईक पाहावे, आणि घर विकले की 'तुझे तुला मिळेल'.

'तुझे' या शब्दात षष्ठीचा अर्थ आहे. षष्ठी संबंध दाखविते. तो संबंध कोणता हे ती सांगत नाही. मुलांना हे वर्षानुवर्षे शिकविले, पण त्या ओट्यावर आमच्या ध्यानी आले नाही.

काम सात महिने चालले. धाबे उतरवून स्लॅब घातला, न्हाणीघर बांधले, फरशी बसविली. खर्च ४,२०,००० रुपये झाला. दुरुस्तीपूर्वी त्या घराला ९ लाखांपेक्षा अधिक देण्यास कोणी तयार नव्हते. पुढे ते १८ लाखांस गेले. जळगावच्या स्नेह्यांनी खरेदीखत होताच ४,२०,००० रुपये मित्राच्या हाती ठेवले व आभार मानले. मित्र स्तब्ध राहिला. त्याच्या समजुतीप्रमाणे मूळ किंमत व खर्च वजा जाता जे ४,८०,००० उरले, त्यांतील निम्मे, म्हणजे २,४०,००० रुपये, 'त्याचे' होते. सात महिने उन्हात उभा राहिलो तो काय व्याजाशिवाय पैसे उसने देण्यासाठी, असे तो म्हणाला. मालक म्हणाले, घर माझ्या वडिलांचे. उद्या ते विकलेच नसते तर तू तोटा सोसला असतास काय?

दोघेही साक्षीसाठी आमच्याकडे आले. दोघेही सत्यवचनी, आणि दोघांनाही तेच वाक्य तंतोतंत आठवत होते.

तोंडी कराराला कायद्यात किंमतच नाही, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नव्हे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे तोंडी करारही करारच. अडचण येते ती पुराव्याची. स्थावराची गोष्ट मात्र निराळी. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार शंभर रुपये वा अधिक किमतीच्या घराची विक्री नोंदलेल्या दस्तानेच होते. तेव्हा मित्राने कितीही पैसे ओतले, तरी त्या भिंतीतील एक वीटही त्याच्या मालकीची झाली नव्हती. करार कायद्याच्या ७० व्या कलमात एक आधार आहे : फुकट करण्याचा हेतू नसता एकाने दुसऱ्यासाठी काही केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याची भरपाई द्यावी. पण बालमित्रावर त्यासाठी दावा कोण लावणार? शिवाय उसन्या पैशांचा दावा सामान्यतः तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. 'बघू, विकल्यावर बघू' म्हणता म्हणता ती मुदत सहज उलटते. मुदतीच्या आत सहीनिशी लेखी कबुली घेतली असेल, तरच ती नव्याने मोजतात. त्यातून विटा, वाळू, मजुरी सारे रोखीने दिलेले, आणि निम्म्या पावत्या स्लॅबखाली गेल्या म्हणा ना. पैसा बँकेतून गेला असता तर निदान त्याची वाट तरी दिसली असती. कर्ज म्हणून २०,००० रुपये वा अधिक रोखीने घेण्यास आयकराच्या कायद्यानेही मनाई आहे, हे कितीकांना ठाऊकच नसते.

हे सारे साहेबाने शिकविले, असे मात्र कोणी समजू नये. एकत्र मिळून नफ्यासाठी उद्योग करणाऱ्यांनी लाभ व तोटा ज्याच्या त्याच्या द्रव्याच्या प्रमाणात, अथवा आधी ठरले असेल त्याप्रमाणे, वाटून घ्यावा, असे याज्ञवल्क्याने व्यवहाराध्यायात सांगून ठेविले आहे. कर्जाच्या बाबतीत जे जे फेडले ते लेखाच्या पाठीवर लिहावे आणि सर्व फिटल्यावर लेख फाडून टाकावा, असेही तो सांगतो. हे फाडणे आम्हांस फार आवडते. कागद निव्वळ अविश्वासाचा असता, तर तो संपविण्याची रीत कोणी कशाला घालून दिली असती?

त्याच वचनाच्या आधारे आम्ही तडजोड सुचविली. एकाचे घर ९ लाखांचे, दुसऱ्याचे पैसे ४,२०,०००. त्या प्रमाणात नफा वाटला, तर मित्राच्या वाट्यास सुमारे १,५३,००० रुपये येतात. मालकांस तो आकडा दंडासारखा वाटला, मित्रास भिकेसारखा. ओट्यावर बसलो त्या सायंकाळी हाच आकडा दोघांनी हसत मान्य केला असता, अशी आमची खात्री आहे. आता जळगावचे स्नेही पहुरास आले, तरी पेठेत फिरकत नाहीत. देवदर्शन करून परस्पर परततात.

गेल्या चैत्रात आमचा पुतण्या आपल्या मित्रास घेऊन आला. दोघे मिळून शेंदुर्णीतील एक पडके घर दुरुस्त करून विकणार होते. आम्ही कागद पुढे ठेविला, तेव्हा पोरे हसली. पैसे कोणाचे किती, ते कर्ज की भाग, देखरेखीचा मोबदला काय, हे त्यांनी भराभर सांगितले. वर्षभरात गिऱ्हाईक आले नाही तर, असे विचारताच मात्र दोघे एकमेकांकडे पाहू लागले. मग खर्चापेक्षा कमी किंमत आली तर काय, हा प्रश्न निघाला. सूनबाईंनी चहा दोनदा आणला व दोनदा निववून परत नेला. कागद पुरा व्हावयास दुसरी सायंकाळ उजाडावी लागली.