विश्लेषण : ज्याँ वालज्याँचा पिवळा परवाना आणि परभणीचे पारधी
पाव चोरल्याची शिक्षा पाच वर्षे; पळून जाण्याच्या प्रयत्नांमुळे ती १९ झाली. व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझेराब्ल’ (१८६२) या कादंबरीतला ज्याँ वालज्याँ सुटला, पण हाती कैद्याचा पिवळा परवाना घेऊन. ते कळताच खाणावळवालेही त्याला हाकलत. साने गुरुजींनी ही कथा ‘दुःखी’ नावाने मराठीत आणली.

कादंबरीनंतर नऊच वर्षांनी इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. वालज्याँने निदान पाव तरी चोरला होता. इथे पारध्याचे पोर जन्मतःच गुन्हेगार. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात, तरी शिक्का इथल्या पारध्यांनाही चिकटला. कायदा १९५२मध्ये रद्द झाला. गावात चोरी झाली की संशयाचे बोट मात्र अजूनही आधी पारधी वस्तीकडे वळते.