पांझरेचा पाट आणि पाण्याचा स्वभाव

1884 साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नुकतेच रुजू झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या धुळ्याला आले. त्यांच्या वाट्याला आलेलं पहिलं अवघड काम होतं दातर्तीजवळचं: पांझरा नदीचा एक प्रवाह ओलांडून पाणी पलीकडे नेणारा नळांचा सायफन. अशा कामात पाट काठाशी येऊन नळात उतरतो, पात्राखालून जातो आणि पलीकडच्या काठावर पुन्हा वर येतो. वर चढायला पंप लागत नाही. स्थिर पाण्याला एका पातळीत राहायचं असतं आणि त्याचा दाब सगळ्या दिशांना सारखा असतो. पाच मीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण अर्धा किलो. त्या दाबावरच पाणी चढतं. फक्त नळाच्या घर्षणात थोडी उंची खर्ची पडते, म्हणून बाहेरचं तोंड आतल्या तोंडापेक्षा जरा खाली ठेवावं लागतं. पावसाळ्यात पूर वाळू आणून टाकू लागला, तेव्हा काम पुढे ढकलावं असं या नवख्या अभियंत्याने सुचवलं. वरिष्ठांना ते रुचलं नाही आणि अखेर काम विश्वेश्वरय्यांनाच तडीस न्यावं लागलं. गणिताने पाणी त्यांच्या बाजूला होतं, वाळू नव्हती.

मात्र ज्या खोऱ्यात हा सायफन झाला, तिथे पाण्याच्या स्वभावाची ओळख विश्वेश्वरय्यांच्या आधीपासून होती. साक्री आणि धुळे तालुक्यांतली फड पद्धत काही शतकांपासून चालत आलेली आहे. नदीत आडवा दगडी बंधारा, त्यातून निघणारा पाट, पाटाच्या चाऱ्या आणि चाऱ्यांखालचं रान तीन-चार फडांत वाटलेलं. एका फडात त्या वर्षी एकच पीक. शेतकऱ्याचा तुकडा बहुधा प्रत्येक फडात असतो, त्यामुळे उसाचा फड फिरला की उसाचा लाभही फिरतो. अभ्यासक या पद्धतीचं कौतुक करतात ते सामाजिक न्याय म्हणून, आणि ते बरोबरच आहे. माझं म्हणणं इतकंच, की हा न्याय द्रवाच्या गुणधर्मांवर उभा आहे. ते वेगळे असते तर नियमही वेगळे करावे लागले असते.

एक हिशेब मांडून पाहू. चारी एक मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल वाहते आहे असं धरा. पाण्याच्या काटछेदाचं क्षेत्र अर्धा चौरस मीटर, आणि तळ व दोन्ही कडा मिळून पाण्याला दोन मीटर माती लागते. आता हेच पाणी वेगवेगळ्या पिकांसाठी एकाच वेळी चार ठिकाणी न्यायचं म्हणून चार छोट्या चाऱ्या केल्या, प्रत्येक अर्धा मीटर रुंद आणि पाव मीटर खोल. एकूण क्षेत्र तेवढंच, पण मातीशी स्पर्श चार मीटर झाला. जिथे स्पर्श तिथे घर्षण आणि झिरप. शिवाय पातळ प्रवाह मंदावतो, म्हणजे तेवढंच पाणी न्यायला चाऱ्या आणखी मोठ्या खणाव्या लागतात. एका फडाला एका वेळी भरून पाणी देण्याचा रिवाज या तोट्यातून वाचवतो. ज्वारीला नको असलेली ओल शेजारच्या उसातून येत नाही, हा फायदा वेगळाच. पुढे विश्वेश्वरय्यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी ब्लॉक पद्धत मांडली. तीही रान गटांत बांधून पाणी देणारी, तेव्हा फडाशी तिचं साम्य नजरेत भरतं. उसनवारी होती की नाही, या वादात मी पडत नाही.

यावर आक्षेप येईल, की हे सगळं आपण मागाहून चिकटवतो आहोत. बंधारा घालणाऱ्या गवंड्याला कुठलं सूत्र ठाऊक होतं? सूत्र नसेलच. पातळी मात्र त्याला ठाऊक होती, कारण पाणी स्वतःच पातळी दाखवणारं यंत्र आहे. चुकीच्या उताराच्या पाटात पाणी एक तर साचतं, नाही तर तळ खरवडतं, आणि ते त्याच हंगामात दिसतं. कच्च्या पायावरचा बंधारा पुरात जातो. जे उरलं ते पुराने तपासून ठेवलेलं आहे. जे वाहून गेले त्यांची मोजदाद आपल्याकडे नाही, हे मान्य करायला हवं. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: फडाचं पाणी वाटणारे-राखणारे पाटकरी, जागल्या आणि हवालदार नसते तर पाणी वरच्यांनीच उपसून नेलं असतं. खरं आहे. पण पाटकऱ्याचा हुकूम तरी कशावर चालत होता? उघड्या पाटातल्या चोरीने पुढची पातळी खाली जाते, आणि ती शेपटाकडच्या माणसाला डोळ्यांनी दिसते. जमिनीखालच्या पाण्याची चोरी अशी दिसत नाही.

तिथेच जळगाव येतं. रावेर-यावलच्या केळीबागांत ठिबकची नळी अंथरलेली असते आणि तोटीतून तासाला दोन-चार लिटर पाणी गळतं. काळ्या मातीची छिद्रं इतकी बारीक, की केशाकर्षण त्या थेंबाला खाली जाण्याआधी बाजूला ओढतं आणि बुंध्याभोवती ओलीचा कांदा तयार होतो. पाटापेक्षा यात पाणी वाचतं, यात वाद नाही. पण नळीतला दाब विजेचा असतो आणि पाणी खोल जात चाललेल्या विहिरी-बोअरचं. दहा मीटर पाणी उचलणं म्हणजे सुमारे एका वातावरणाचा दाब द्यायचा. पातळी शंभर मीटरवर गेली की दहा वातावरणांचा, आणि वर घर्षण वेगळं. पाटातून झिरपलेलं पाणी कालव्याच्या हिशेबात तोटा धरलं जाई. खालच्या विहिरीच्या आणि खालच्या बंधाऱ्याच्या हिशेबात ती जमा होती. आता पांझरेवर वरच्या अंगाला लाटीपाडा आणि पुढे अक्कलपाडा ही धरणं झाली, तेव्हा बंधाऱ्याला मिळणारं पाणी नदीच्या चालीने नाही, आवर्तनाच्या तारखेने येतं.

गाळाचंही असंच झालं. पुराचं पाणी पाटात मंदावलं की बारीक कण तळाशी बसत. पाट साफ करताना गाव तो गाळ उपसून रानात टाकी, कारण तो खतासारखा होता. ठिबकच्या तोटीचं भोक सुईच्या टोकाएवढं, म्हणून पाणी आधी वाळूच्या फिल्टरमधून काढतात. त्यात अडकलेला गाळ उलट्या प्रवाहाने धुऊन बांधाकडे सोडून देतात.