जुन्या वाहनांच्या चाकांची बोल्ट-रचना : मापन आणि ओळख

प्रस्तावना
जुन्या वाहनाचे मूळ चाक गंजून निकामी झाले की बहुधा भंगार बाजारातून दुसरे मिळवावे लागते. मुळीच न बसणारे चाक आपोआप बाजूला ठेवले जाते; जेमतेम बसणारे मात्र रस्त्यावर येते. म्हणून खरा धोका दुसऱ्या प्रकारच्या चाकात असतो. तो टाळण्यासाठी बोल्ट-रचना कशी मोजावी व कशी ओळखावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना
सर्व बोल्टांच्या मध्यबिंदूंतून जाणाऱ्या कल्पित वर्तुळाच्या व्यासास कारागीर 'पीसीडी' म्हणतात. बोल्टांची संख्या आणि हा व्यास मिळून चाकाची रचना सांगितली जाते. विलीस जीपची रचना ५×१३९.७ आहे, म्हणजे बोल्ट ५ आणि व्यास १३९.७ मिमी. हा आकडा विचित्र वाटला, तरी तो साडेपाच इंचांचे रूपांतर होय. त्याचप्रमाणे ११४.३ म्हणजे साडेचार इंच, तर ब्रिटिश मिनी मोटारीचे १०१.६ म्हणजे ४ इंच. याउलट फिएट १२४ चे ९८ आणि पहिल्या फोक्सवॅगन गोल्फचे १०० हे आकडे मुळातच मिलिमीटरमधील आहेत. आकडा कोणत्या मापनपद्धतीतून आला, हे समजले की ओळख सोपी होते.

मापनपद्धती
बोल्ट ४ किंवा ६ असल्यास समोरासमोरील दोन बोल्टांच्या मध्यांतील अंतर हीच पीसीडी होय. बोल्ट ५ असल्यास एकाही बोल्टासमोर दुसरा बोल्ट येत नाही. तेथे भूमितीचा आधार घ्यावा लागतो. शेजारच्या दोन बोल्टांतील अंतरास १.७०१३ ने, किंवा एक सोडून असलेल्या दोन बोल्टांतील अंतरास १.०५१५ ने गुणावे. जीपमध्ये ही अंतरे अनुक्रमे ८२.१ व १३२.९ मिमी येतात.

यांपैकी दुसरी रीत अधिक विश्वसनीय आहे. पहिल्या रीतीत मोजण्यातील १ मिमीची चूक उत्तरात १.७ मिमी होते. दुसरीत ती जवळपास तेवढीच राहते. मध्यबिंदू नजरेने ठरविण्याऐवजी एका स्टडच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंतचे अंतर व्हर्नियर कॅलिपरने घ्यावे. जुन्या रिमची छिद्रे झिजून लांबट झालेली असू शकतात. त्यामुळे शक्यतो हबवरील स्टडच मोजावेत.

ओळखीतील अडचणी
९८ आणि १०० यांत फरक केवळ २ मिमीचा, म्हणजे प्रत्येक बोल्टाशी १ मिमीचा आहे. नट आवळला जातो, परंतु त्याचा निमुळता भाग छिद्राच्या कडेवर पूर्ण टेकत नाही. स्टडवर वाकडा ताण येतो, हादऱ्यांनी नट सैल होतो आणि शेवटी स्टड तुटू शकतो. १२० व १२०.६५ (पावणेपाच इंच) यांतील फरक तर टेपने कळणारच नाही. तेथे वाहनाची बनावट व वर्ष पाहणे अपरिहार्य ठरते.

केवळ मॉडेलच्या नावावरही विसंबता येत नाही. अमेरिकेत विकल्या गेलेल्या फोक्सवॅगन बीटलची रचना १९६७ च्या मॉडेलपर्यंत ५×२०५ होती. १९६८ पासून ती ४×१३० झाली. तसेच काही जुन्या वाहनांत, उदाहरणार्थ विलीस जीपमध्ये, डाव्या चाकांच्या स्टडना उलटे आटे असत. हे ठाऊक नसणारा नट सोडविताना उलट अधिक आवळतो आणि स्टड मोडतो.

समारोप
पीसीडी जुळणे ही आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे. मधल्या छिद्राचा व्यास, नट टेकण्याच्या जागेचा आकार, आट्यांचे माप आणि रिमचा ऑफसेट हेही तपासले पाहिजे. पाच बोल्टांच्या हबवर एक सोडून एक स्टड मोजणे, आकडा इंचांत व मिलिमीटरमध्ये पडताळणे आणि वाहनाच्या वर्षाशी ताडून पाहणे, एवढी शिस्त पाळल्यास केवळ 'चढलेले' चाक आणि खरोखर 'जुळलेले' चाक यांतील भेद वाहन रस्त्यावर येण्यापूर्वीच स्पष्ट होतो.