केअर होममध्ये कोण राहतं, हे डेटाबेसला कसं कळतं?

इंग्लंडमधल्या केअर होममध्ये, म्हणजे तिथल्या वृद्धाश्रमांत, आज नेमकं कोण कोण राहतं? प्रश्न साधा वाटतो ना? २०२० मध्ये कोविड आला आणि तो जीवनमरणाचा झाला. केअर होमची यादी होती; केअर क्वालिटी कमिशन ही नियामक संस्था ती ठेवते. पण तिथे राहणाऱ्यांची देशभराची तयार यादी नव्हती.

मग उरते ती आरोग्य खात्याची रोजची नोंद. तिथे प्रत्येकाला १० अंकी एनएचएस नंबर असतो आणि फॅमिली डॉक्टरकडे पत्ता असतो. यातून तीन मार्ग निघतात.

१. पत्ता जुळवणं: रुग्णाचा पत्ता केअर होमच्या पत्त्याशी ताडून बघायचा. पत्ते जुळवणारा कोड मी लिहिलाय, म्हणून सांगतो, एकच पत्ता चार जण चार प्रकारे लिहितात. नुसत्या पोस्टकोडवर भागत नाही, कारण एका पोस्टकोडमध्ये सरासरी १५ पत्ते येतात. म्हणून प्रत्येक वास्तूचा यूपीआरएन हा स्वतंत्र क्रमांक वापरतात.

२. डॉक्टरचा कोड: ‘केअर होममध्ये राहतात’ अशी नोंद. पण ती करायची राहून जाते, किंवा माणूस घरी परतला तरी तशीच राहते.

३. घरातली माणसं: एका पत्त्यावर बरेच ज्येष्ठ दिसले की ते केअर होम असेल असा अंदाज. पण वयस्कर नन्सचा मठही यात सापडतो!

तिन्ही याद्या एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. चूक लहान दिसली तरी फरक किती पडतो, बघा. समजा १०,००० ज्येष्ठांपैकी ४०० जण केअर होममध्ये आहेत. आपली पद्धत त्यातले ९०% ओळखते, म्हणजे ३६०. उरलेल्या ९,६०० पैकी फक्त १% चुकून आत येतात, म्हणजे ९६. यादी झाली ४५६ जणांची, आणि त्यातला जवळपास प्रत्येक पाचवा माणूस चुकीचा!

डिसेंबर २०२० मध्ये ब्रिटनच्या लस समितीने केअर होममधल्या वृद्धांना आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना पहिला क्रमांक दिला. त्यातल्या किती टक्क्यांना लस मिळाली, किती दगावले, हे काढायला एकूण आकडा बरोबर हवा. घरी राहणारे ९६ जण त्यात मिसळले, तर केअर होममधला धोका आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतो. आणि सुटलेले ४० जण घरी राहणाऱ्यांत मोजले जातात.

यासाठी संशोधकांना नाव-पत्ता दिसायची गरज नसते. वेल्सच्या सेल डेटाबँकेत पत्त्याच्या जागी एक निनावी कोड येतो. एका घरातली माणसं जोडता येतात, घर कुठलं ते कळत नाही.

असा डेटाबेस तुमच्या हाती आला, तर रकान्यात नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ साठवू नका. कुठल्या मार्गाने ठरवलं आणि कुठल्या तारखेपासून, हेही शेजारी लिहा.