किलोले किती?

सकाळचे साडेसहा. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावाचा चौक. चार शेतकरी उभे, दोन ऑटो उभे. दिवाळी उलटून गेली आहे, वावरं कापसानं पांढरी झाली आहेत. टपरीवरचा चहा दुसऱ्यांदा उकळतोय. सगळ्यांच्या नजरा वस्तीच्या गल्लीकडे.

'पंधराशे भेटून राह्यले घरबसल्या. रेशन फुकट. कोण येते वावरात?' एक जण कानटोपी काढत म्हणतो. बाकीचे माना हलवतात. या चौकात हे वाक्य रोज चहासोबतच मिळत असावं.

गल्लीतून बाया येतात. तेरा जणी. लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, हातात डब्याची पिशवी. पण ऑटोत कोणीच चढत नाही.

'किलोले किती?'

'दहा.'

'पलीकडं बारा देऊन राह्यले.'

कोणी बोलत नाही. ऑटोवाला घड्याळ पाहतो.

'अकरा. अन् ऑटो माह्या.'

बाया चढतात. उरलेले शेतकरी दुसरा चहा सांगतात.

वावरात दव आहे. ओला कापूस चालत नाही, म्हणून धुऱ्यावर बसून राहायचं. ऊन चढलं की ओट्या बांधून ओळी धरायच्या. फुटलेल्या बोंडाची टोकं वाळून काट्यासारखी झालेली. माझ्या शेजारच्या मावशींच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली आहे. तरी दोन्ही हात चालतात. एका हिसक्यात बोंड रिकामं. मी प्रयत्न करतो. निम्मा कापूस बोंडातच राहतो, वर पाचोळा येतो.

सरकारकडून महिन्याला मिळणाऱ्या पंधराशेचं विचारतो. मावशी हसतात.

'साडेतीन दिसाची वेचणी झाली ते. मंग महिनाभर काय बसून राहू?' रेशनवर माणशी 5 किलो धान्य मिळतं. 'तेल भेटते का फुकट?' रोहयोचा 2025-26चा रोज 312 रुपये. 'पण पैसा हाती कधी येईन?'

दोन ओळी पुढे गेल्यावर त्या आपणहून बोलतात. 'पह्यले उचल घेतली की तोंड उघडता येत नव्हतं. आता एक दिवस नाही आलं तरी चूल पेटते.'

मी ओळींवरून नजर फिरवतो. पन्नाशीच्या आतली एकही नाही. मावशींचा मुलगा पुण्यात कंपनीत आहे, सून त्याच्यासोबत.

शेतकऱ्याचं दुखणंही खोटं नाही. मध्यम धाग्याच्या कापसाचा 2025-26चा हमीभाव क्विंटलला 7710 रुपये, त्यातले 1100 वेचणीलाच गेले. आणि सगळ्या गावाचा कापूस एकदमच फुटतो.

संध्याकाळी कडुनिंबाला काटा टांगतात. मावशींचं गाठोडं 38 किलो. 418 रुपये. शेतकरी नोटा मोजून देतो, हळूच विचारतो, 'उद्या?'

'रात्री फोन करजा.'

परतीच्या वाटेवर सकाळी चौकात राहिलेल्या एकाचं वावर लागतं. अंधारून आलं आहे. नवरा-बायको दोघंच वेचत आहेत. मागे सगळं पांढरंच.