क्लचचा घसारा

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांतील व्यापार फार पूर्वीपासून घाटवाटांनी चालत आला आहे. सातवाहनकाळी कोकणातील बंदरांचा माल नाणेघाट चढून जुन्नरास येई. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीची खूण म्हणून आजही दाखवला जातो. बैलांच्या तांड्यांची जागा ट्रक-टेम्पोने घेतली, तरी मंचर, घोडेगाव, नारायणगाव किंवा ओतूरच्या पेठेतील दुकानदाराचे दैनंदिन काम मोटारसायकलीवाचून अडते. वाडीवस्तीवर माल पोहोचवणे, उधारीची वसुली, बँकेतील भरणा, ही सारी कामे शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर होतात. अशा गाडीचा क्लच सुटू लागला, तर तोटा केवळ प्लेटांच्या किमतीपुरता राहत नाही. मागे माल बांधून भीमाशंकरच्या किंवा माळशेजच्या चढणीवर निघालेल्या माणसाच्या सुरक्षिततेचाही तो प्रश्न असतो.

क्लच म्हणजे इंजिन आणि गिअर यांमधील दुवा. बहुतेक मोटारसायकलींत घर्षण-अस्तराच्या आणि साध्या पोलादी प्लेटा एकाआड एक बसवलेल्या असतात आणि स्प्रिंगा त्यांना घट्ट दाबून धरतात. लिव्हर ओढला की दाब सुटतो, सोडला की पुन्हा बसतो. दाब अपुरा पडला किंवा अस्तर झिजले, म्हणजे प्लेटा एकमेकींवर घसरतात. मग इंजिनाचे फेरे वाढतात, पण चाकाचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर उलाढाल वाढते आणि नफा जागचा हलत नाही. पेट्रोल अधिक लागते, चढावर गाडी दम सोडते आणि कधी जळका वासही येतो.

याची परीक्षा सोपी आहे. सरळ, मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगाने जाताना थ्रॉटल झटकन वाढवावा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी मागेच रेंगाळली, तर क्लच घसरत आहे. आवाज आणि वेग दोन्ही मंद राहिले, तर दोष अन्यत्र शोधावा: एअर फिल्टर चोंदलेला असेल, इंजिनाचे कॉम्प्रेशन उतरले असेल किंवा ब्रेक चाकाला धरून बसला असेल. लिव्हर पूर्ण ओढूनही गाडी पुढे सरकत असेल व गिअर अडखळत असेल, तर तो याच्या उलट दोष होय. तेथे क्लच पुरता सुटत नसतो.

दोष क्लचचाच ठरला, तरी लगेच नव्या प्लेटा विकत घेऊ नयेत. प्रथम लिव्हरची मोकळीक पाहावी. अनेक लहान गाड्यांत ती लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळतो. मोकळीक मुळीच नसेल, तर केबल क्लचला सतत किंचित ओढून धरते. ॲडजस्टर फिरवून, केबलला वंगण देऊन किंवा केबल बदलून अल्प खर्चात काम भागते. दुसरी तपासणी तेलाची. या प्लेटा इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या असतात. मोटारीसाठीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात व त्यांनी क्लच घसरू शकतो. म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए२ ही खूण असलेले, पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच तेल घ्यावे.

एवढे करूनही घसरण थांबली नाही, तर मात्र दिरंगाई महाग पडते. इंजिन थंड झाल्यावर तेल काढावे आणि बाजूचे झाकण उघडावे. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरील जोडीने, थोडेथोडे सैल करावेत. प्लेटा ज्या क्रमाने निघतील, त्याच क्रमाने मांडून ठेवाव्यात. घर्षण-प्लेटांची जाडी व्हर्निअरने मोजावी. पोलादी प्लेट काचेवर ठेवून ती वाकली आहे का, तापून निळी पडली आहे का, हे पाहावे. स्प्रिंगांची लांबीही मोजावी. बास्केटच्या दांड्यांवर खोल खाचा पडल्या असतील, तर केवळ प्लेटा बदलून काम निर्दोष होत नाही. नव्या घर्षण-प्लेटा बसवण्याआधी काही तास नव्या तेलात भिजवाव्यात. बोल्ट टॉर्क पान्याने ठरलेल्या दाबाने आवळावेत, झाकणाला नवे गॅस्केट लावावे आणि शेवटी मोकळीक पुन्हा जुळवावी. हे काम मेकॅनिककडून करून घेतले, तरी जुन्या प्लेटा व मापे समक्ष पाहण्याचा आग्रह धरावा. बिलाची पडताळणी त्यातच होते. काढलेले तेल जमिनीवर किंवा गटारात ओतू नये. त्याने मातीतील जीव मरतात आणि पाणी नासते. डब्यात भरून ते अधिकृत संकलकाकडे जाईल, अशी व्यवस्था करावी.

हिशेबात आपण घसारा दरवर्षी लिहितो. क्लचचा घसारा मात्र चालवणाऱ्याच्या हातात असतो. लिव्हरवर सतत बोटे ठेवणे, चढावर खालचा गिअर न टाकता अर्धा क्लच दाबून गाडी रेटणे, क्षमतेबाहेर पोती लादणे, या सवयी सुटल्या, तर प्लेटा पुष्कळ काळ टिकतात. घरातील तरुणाच्या हाती गाडीची किल्ली देताना एवढे शिक्षणही सोबत द्यावे.