एक अंगठा, एक किल्ली

सकाळी 8.15
मलाजखंडच्या बाजारातलं बँकेचं कियोस्क. शटर अर्धं वर. टेबलावर लॅपटॉप, बोटाचं यंत्र, नोटांचा गल्ला, ओला फडका. यंत्र अडीच-तीन हजारांचं, पदरच्या पैशांनी घेतलेलं. दिवसातला पहिला अंगठा चालवणाऱ्याचा स्वतःचा. तो जुळल्याशिवाय धंदा सुरू होत नाही. माणूस मूळचा गोंदियाकडचा. गिऱ्हाइकाशी हिंदी, घरी मराठी.

9.00
लाडली बहनाचा हप्ता पडलाय. मध्य प्रदेशातल्या बायकांना दरमहा पैसे देणारी ही योजना, पहिला हप्ता 2023 च्या जूनमध्ये हजाराचा. हप्ता पडला की रांग नाल्यापर्यंत जाते. पहिल्या आजी लांजीकडच्या, त्यांच्याशी मराठी चालते.
"आजी, अंगठा राहू द्या. मधलं बोट द्या."
"अंगठ्याला काय झालं, भाऊ?"
"घासला. तेंदूपत्त्यात गेला तो."
फडक्याने बोट पुसतो, कोरडं करतो, काचेवर दाबतो. लाल दिवा. नाही जुळलं. पुन्हा.

या दोन-तीन सेकंदांत यंत्राच्या पोटात बरंच काही होतं. बोटाचा ठसा 256 बिटांच्या एका ताज्या किल्लीने कुलूपबंद होतो. हीच सेशन की. मग ती किल्लीही आधार प्राधिकरणाच्या 2048 बिटांच्या जाहीर किल्लीने बंद होते. उघडणार फक्त तिकडे. कियोस्कवाल्याला ती दिसत नाही, साठवायची तर मुभाच नाही. आजींचं बोट तिसऱ्या प्रयत्नात जुळलं, म्हणजे तीन किल्ल्या झाल्या. पहिल्या दोन वाया. पैसे मोजून हातावर.

11.20
पडद्यावरचं चक्र फिरतंय. इथून निघालेली विनंती कियोस्कच्या बँकेकडे, तिथून राष्ट्रीय पेमेंट महामंडळाकडे, मग आधारकडे आणि गिऱ्हाइकाच्या बँकेकडे जाते. त्या सर्व्हरवर याच क्षणी देशभरातले अंगठे आलेले असतात. एकामागून एक घेतले तर संध्याकाळ होईल, म्हणून एकाच प्रोग्रॅममध्ये अनेक थ्रेड सोबत धावतात. स्मृती मात्र सगळ्यांची एकच.

गोची तिथेच आहे. सर्व्हरच्या प्रत्येक जोडणीलाही अशीच ताजी किल्ली असते. चालू जोडणीची किल्ली सामायिक जागेत ठेवली, तर लग्नघराच्या दारातल्या चपलांसारखं होतं: घाईत कोणीतरी दुसऱ्याची घालून जातो. म्हणून किल्ली ज्या जोडणीची, तिच्याच ताब्यात. दोन थ्रेडना तीच जोडणी हवी असेल तर एकाने थांबायचं. अशा जोडण्या कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर म्हणजे ओपनएसएसएल; त्याच्या आतल्या सामायिक गोष्टींसाठीचे लॉकही वापरणाऱ्यांना 2016 मध्ये 1.1.0 आवृत्ती येईपर्यंत स्वतः जोडावे लागत. विसरलं की प्रोग्रॅम महिनाभर नीट चालायचा, आणि गर्दीच्या दिवशी कोसळायचा. चाचणीत सापडत नाही तो हाच दोष.

काम झालं की किल्ली पुसायची. तीही सरळ पुसली जात नाही. पुसलेली जागा पुढे कोणी वाचत नाही, हे पाहून कंपायलर पुसण्याची ओळच उडवतो. कंपायलरला उडवता येणार नाही असं खास फंक्शन वापरावं लागतं. न पुसलेल्या स्मृतीची किंमत 2014 मध्ये ओपनएसएसएलमधल्याच हार्टब्लीड या दोषाने दाखवली. एका विनंतीमागे सर्व्हर आपल्या स्मृतीतले 64 किलोबाइटपर्यंत तुकडे बाहेर देत होता. त्यात काय पडलेलं असेल ते नशीब.

दुपारी 1.40
वीज गेली. इन्व्हर्टर आहे, टॉवर मात्र मलूल. खाणीवर कंत्राटी काम करणारा एकजण तीन हजार काढायला आलाय. खात्यातून वजा झाल्याचा मेसेज त्याच्या फोनवर, इकडे पडद्यावर काहीच नाही. "भैय्या, पैसा तो कट गया." कियोस्कवाला पैसे देत नाही. दिले आणि व्यवहार उलटला, तर तीन हजार याच्या खिशातून. नियम रिझर्व्ह बँकेचा आहे: पाच दिवसांत परत, त्यापुढे दर दिवसाला शंभर रुपये. तो माणूस पावतीचा नंबर हातावर लिहून घेतो. रोजी अर्धी बुडवून आला होता.

2.30
पाळी सुटली. तांब्याच्या खाणीतून धुळीने माखलेली माणसं येतात. दगड हाताळलेली बोटं ओल्या फडक्याला दाद देत नाहीत. साबण बाहेरच्या नळावर ठेवलाय, पाच रुपयांची वडी. दोन दिवसांत संपते.

5.10
गल्ल्यात चार हजार उरले. रांगेत अजून अकरा जणी. मोटारसायकलला किक, रोकड आणायला ओळखीच्या किराणा दुकानदाराकडे. पेट्रोल स्वतःचं.

7.45
हिशोब. दहा हजारांच्या उचलीमागे याच्या हाती दहाएक रुपये पडतात, हजारामागे तीन-चार. आज बाया हप्त्यापुरतंच काढणाऱ्या. फसलेल्या प्रयत्नाला काहीच मिळत नाही, मग बोट पाच वेळा दाबलेलं असो. वहीत रक्कम, व्यवहार क्रमांक, आधारचे शेवटचे चार आकडे. तो साल्याला फोन लावतो.
"उद्या सत्तर हजार लागतील. पाचशेच्या नको, दोनशेच्या आण."